भूत टिपायची यंत्रं आली कुठून?

१८६०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये विल्यम मम्लर हा दागिन्यांवर नक्षी कोरणारा कारागीर हौसेने फोटो काढू लागला. एका फोटोत त्याच्या शेजारी एक धूसर आकृती उमटली. त्या काळी निगेटिव्ह काचेवर असे आणि वापरलेली काच धुऊन पुन्हा घेत. धुण्यात हयगय झाली की आधीचा चेहरा नव्या फोटोत पुसट डोकवायचा. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात लाखो माणसं गेलेली. गेलेल्याचं तोंड एकदा दिसावं म्हणून लोक रांगा लावू लागले आणि मम्लरने तोच धंदा केला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला. सर्कसवाला बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला, तोही लिंकनच्या भुतासोबतचा स्वतःचा बनावट फोटो मुद्दाम काढून घेऊन! तरी पुराव्याअभावी मम्लर सुटला. पुढे लिंकनच्या विधवा पत्नीनेही त्याच्याकडे फोटो काढून घेतला.

इंग्लंडमध्ये असेच भुतांचे फोटो काढणाऱ्या विल्यम होपला मात्र भुताखेतांच्या दाव्यांची तपासणी करणाऱ्या हॅरी प्राइसने १९२२ मध्ये पकडलं. प्राइसने दिलेल्या काचांवर क्ष-किरणांनी आधीच छुपी खूण करून घेतली होती. भुताचा फोटो आला त्या काचेवर ती खूण नव्हती, म्हणजे काच बदललेली. एवढं होऊनही शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल होपच्याच बाजूने उभे राहिले.

प्राइस स्वतःही प्रसिद्धीला हपापलेला, पण त्याची भूतशोधाची पेटी बघण्यासारखी होती: थर्मामीटर, कॅमेरा, मोजपट्टी, हादरा कळावा म्हणून वाटीत पारा, आणि दारं-खिडक्या बंद करायला दोरा नि लाख. यातलं बरंचसं सामान भुतापेक्षा चोरपावलांनी फिरणाऱ्या माणसाला पकडायला होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेपरेकॉर्डर घरोघरी आला. १९५९ मध्ये स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन पक्ष्यांचे आवाज टेप करत होता, त्यात त्याला माणसांचं बोलणं ऐकू आलं आणि ते मेलेल्यांचं आहे असं वाटलं. लाटव्हियाच्या कॉन्स्टँटिन राउडिव्हने मग अशा हजारो टेप जमवल्या. टेपची खरखर, मध्येच घुसणारं रेडिओ स्टेशन आणि गोंगाटातून शब्द वेचणारा आपला कान, एवढ्यावर ते बोलणं तयार होऊ शकतं. आधी 'काय ऐकू येईल' ते सांगितलं तर बघायलाच नको. २००२च्या सुमारास फ्रँक सम्प्शनने बनवलेला डबा तर रेडिओची स्टेशनं भराभर सरकवतो आणि तुटक शब्दांतून 'उत्तरं' ऐकवतो.

आजचे भूतशोधक हातात धरतात ते दिवे लुकलुकणारं मीटर मुळात वायरिंग आणि विजेच्या उपकरणांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं; खिशातल्या मोबाइलनेही ते पेटतं. डिजिटल कॅमेऱ्यात तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे बहुतेक वेळा धूळच. फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ आल्याने समोरचा कण उजळून निघतो. प्राइसचा दोरा आणि लाख मात्र या नव्या पेटीत सहसा दिसत नाहीत. व्हिडिओत त्यांचं दाखवणार काय?