यूएसबीच्या आकड्यांचा गुंता : पार्श्वभूमी

‘यूएसबी ३.२’ एवढीच अक्षरे खोक्यावर छापलेली असतील, तर आतल्या उपकरणाचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट असू शकतो, १० असू शकतो आणि २०ही असू शकतो. आणि या तिन्ही वेळी छापलेला आकडा मानकाला धरूनच असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बाहेरून जोडायची एसएसडी (माहिती साठवण्याचे वेगवान उपकरण) घ्यायला गेलेल्या माणसाला अनेकदा आकडा कळतो, वेग कळत नाही, कारण दुकानात आलेल्या मालावरच आकडा ठळक असतो आणि वेग बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. या स्थितीचे मूळ मानक ठरवणाऱ्या संघटनेच्या २०१३ सालच्या एका निर्णयात आहे, आणि पुढे २०१९ साली तोच निर्णय नव्या आकड्यानिशी पुन्हा घेतला गेल्यामुळे ती पक्की झाली.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९९४ साली सात कंपन्यांनी एकत्र येऊन कामाला हात घातला. कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी संगणकाच्या पाठीमागे असलेली निरनिराळ्या आकारांची पोर्टे काढून तेथे एकच जोडणी आणावी, हा त्यामागचा हेतू होता. या आराखड्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक अभियंता सयाजीरावांच्या नावाच्या बडोद्याच्या विद्यापीठाचा पदवीधर होता, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली. तिच्यात दोन वेग होते : संथ उपकरणांसाठी सेकंदाला १.५ मेगाबिट आणि इतरांसाठी १२ मेगाबिट. १९९८ साली १.१ ही सुधारित आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीने आपल्या नव्या संगणकावरून जुनी पोर्टे काढूनच टाकली, तेव्हा उपकरणे बनवणाऱ्यांना या जोडणीकडे वळणे भाग पडले. त्या काळात सेकंदाला ४०० मेगाबिट वाहून नेणारी फायरवायर ही जोडणी व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी उपलब्ध होती आणि वेगात ती कितीतरी सरस होती. परंतु तिच्यावर प्रत्येक पोर्टामागे हक्कशुल्क मागितले गेले आणि यूएसबीवर तसे शुल्क नव्हते. स्वस्त जोडणी टिकली.

एप्रिल २००० मधील २.० या आवृत्तीत पुढच्या गुंत्याचे बी सापडते. तिच्यात ४८० मेगाबिटांचा नवा वेग आला आणि त्याला ‘हाय-स्पीड’ असे नाव मिळाले. १२ मेगाबिटांचा वेग पहिल्यापासून ‘फुल स्पीड’ म्हणून ओळखला जात होता, तो त्याच नावाने राहिला. नव्या दस्तऐवजात जुने दोन्ही वेग सामावलेले असल्यामुळे १२ मेगाबिटांचे उपकरणही २.० या मानकाशी सुसंगत ठरत होते, आणि तशी उपकरणे ‘यूएसबी २.० फुल स्पीड’ असे लिहून विकली गेली. ‘हाय’ आणि ‘फुल’ या दोन शब्दांपैकी ‘फुल’ म्हणजे चाळीस पटींनी संथ, हे ग्राहकाने कशावरून ओळखावे? तरीही त्या वेळी फारसा गवगवा झाला नाही, कारण काही वर्षांतच पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्क सर्रास ४८० मेगाबिटांच्या झाल्या आणि संथ वेग कीबोर्ड-माउसपुरता उरला, जेथे त्याने काही बिघडत नव्हते.

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेली ३.० ही आवृत्ती या सगळ्या इतिहासातील सर्वांत स्वच्छ म्हणावी लागेल. जुन्या चार संपर्कबिंदूंच्या जोडीला पाच नवी बिंदू आली, पोर्टाच्या आतल्या पट्टीला अनेक उत्पादकांनी निळा रंग दिला, वेग ५ गिगाबिट झाला आणि त्याला ‘सुपरस्पीड’ हे नाव मिळाले. पुढची जवळजवळ पाच वर्षे ‘३.०’ म्हणजे ५ गिगाबिट हे समीकरण कोणत्याही खुलाशाशिवाय चालले. दुकानदाराला ते ठाऊक होते, ग्राहकाला ठाऊक होते आणि रंगावरून मुलांनाही ओळखता येत होते.

जुलै २०१३ मध्ये १० गिगाबिटांचा वेग आणणारी ३.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तेव्हा ५ गिगाबिटांना ‘३.०’ म्हणून तसेच राहू द्यावे आणि १० गिगाबिटांना ‘३.१’ म्हणावे, हा सरळ मार्ग मोकळा होता. संघटनेने तो घेतला नाही. नव्या दस्तऐवजाने जुन्याची जागा घेतली आणि त्यासरशी ३.० हे नाव संपले. ५ गिगाबिटांचा वेग ‘३.१ जेन १’ झाला आणि १० गिगाबिटांचा ‘३.१ जेन २’. काल ‘३.०’ म्हणून विकला जाणारा पेनड्राइव्ह, त्यातील एकही सुटा भाग न बदलता, आज ‘३.१’ म्हणून विकण्यास पात्र ठरला.

या निर्णयाच्या बाजूने जे सांगितले जाते ते पोकळ नाही. मानकाचा दस्तऐवज शेकडो पानांचा असतो आणि त्यातील चुका, संदिग्ध वाक्ये व चाचण्यांचे निकष सतत दुरुस्त होत राहतात. ३.० आणि ३.१ असे दोन दस्तऐवज शेजारी-शेजारी जिवंत ठेवले, तर प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते, आणि कालांतराने त्या दोहोंत तफावत पडते. नवे उपकरण बनवणाऱ्याने सर्वांत ताज्या दस्तऐवजाप्रमाणे बनवावे, मग त्याचा वेग कोणताही असो, ही अभियंत्याच्या दृष्टीने योग्यच अपेक्षा आहे. संघटनेचे असेही म्हणणे होते की ‘३.१ जेन १’ ही अक्षरे अभियंत्यांसाठी आहेत. ग्राहकासमोर ‘सुपरस्पीड यूएसबी’ आणि ‘सुपरस्पीड यूएसबी १० जीबीपीएस’ (जीबीपीएस म्हणजे सेकंदाला गिगाबिट) ही नावे यावीत आणि खोक्यावर तीच छापावीत.

माझ्या मते चूक येथेच झाली. दस्तऐवजाचा आवृत्तिक्रमांक हा दस्तऐवजाबद्दल बोलतो, उपकरणाबद्दल बोलत नाही. परंतु १९९६ पासून सतरा वर्षे बाजारात तो उपकरणाचाच क्रमांक म्हणून वापरला गेला होता, आणि ही सवय लागताना कोणी ती मोडलेली नव्हती. ज्या क्रमांकावर लोकांचा विश्वास बसला आहे तो एका रात्रीत ‘केवळ अभियंत्यांसाठी’ असे म्हणून मागे घेता येत नाही. त्यातच अधिकृत बोधचिन्हासाठी प्रमाणन घ्यावे लागे, तर नुसता ‘यूएसबी ३.१’ असा मजकूर छापताना व्यवहारात कोणी अडवत नसे. ज्याच्याकडे ५ गिगाबिटांचा जुना माल आहे त्याने लांबलचक सुपरस्पीड नाव छापावे की मोठा आकडा छापावा, याचे उत्तर बाजाराने दिले.

‘जेन’ या शब्दाने भर घातली ती वेगळीच. ऐकणाऱ्याला तो उपकरणाच्या पिढीचा निर्देश वाटतो. मानकात मात्र त्याचा अर्थ एका मार्गिकेवरील, म्हणजे केबलमधील डेटा वाहून नेणाऱ्या एका वाटेवरील, संकेतांचा वेग असा आहे : जेन १ म्हणजे मार्गिकेमागे ५ गिगाबिट, जेन २ म्हणजे १०. सप्टेंबर २०१७ च्या ३.२ या आवृत्तीत टाइप-सी केबलमधील दोन मार्गिका एकाच वेळी वापरण्याची सोय झाली आणि मार्गिकांची संख्या सांगण्यासाठी गुणाकाराचे चिन्ह आले. त्यामुळे ‘जेन १×२’ म्हणजे दोन मार्गिकांवर मिळून १० गिगाबिट आणि ‘जेन २×१’ म्हणजे एका मार्गिकेवर १० गिगाबिट असे दोन प्रकार एकाच आकड्याखाली आले. हे दोन्ही सारखे नाहीत. जेन १ मध्ये ८ बिट पाठवायला १० बिट खर्ची पडतात, म्हणजे पाचवा हिस्सा सांकेतिकीकरणातच जातो; जेन २ मध्ये १२८ बिटांसाठी १३२ लागतात, म्हणजे जेमतेम तीन टक्के जातात. आठ बिटांचा एक बाइट धरून हिशोब मांडला तर पहिल्या प्रकारात सेकंदाला कमाल १००० मेगाबाइट उरतात आणि दुसऱ्यात १२०० मेगाबाइटांच्या थोडे वर.

एवढे झाल्यावर तरी वेगाप्रमाणे नावे सुटी होतील अशी अपेक्षा होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाले ते उलटे : ३.१ हे नावही आता संपले, ५ गिगाबिट म्हणजे ‘३.२ जेन १’, १० म्हणजे ‘३.२ जेन २’ आणि २० म्हणजे ‘३.२ जेन २×२’. म्हणजे २००८ सालच्या एकाच वेगाला अकरा वर्षांत तिसरे नाव मिळाले. २०१३ चा निर्णय परिणाम न दिसता घेतला होता असे मानता येते. २०१९ चा निर्णय सहा वर्षांचा गोंधळ समोर असताना घेतला गेला, आणि त्यामुळे त्याचे समर्थन करणे मला अधिक अवघड वाटते.

याच काळात टाइप-सी हे टोक रूढ होत होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचे मानक आले : चोवीस संपर्कबिंदू, उलटसुलट कसेही बसणारे. हे टोक आणि वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मानकात पहिल्यापासून स्पष्ट होते. टाइप-सी टोकाची केबल ४८० मेगाबिटांचीही असू शकते. पूर्वी टोकाच्या आकारावरून काही अंदाज बांधता येई, तो आधार गेला आणि नेमक्या त्याच वेळी आकड्यांचाही आधार गेलेला होता. वीजपुरवठ्याच्या बाबतीत तर धोकाही निर्माण झाला. जुन्या चपट्या पोर्टातून टाइप-सी उपकरणाकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक असावा असा नियम आहे. काही स्वस्त केबलमध्ये १० किलोओहमचा बसवलेला असे, आणि त्यामुळे समोरचे उपकरण ३ अँपिअर मिळतील असे समजून जुन्या पोर्टावर झेपणार नाही इतका भार टाकत असे. एका अभियंत्याने २०१५ पासून बाजारातील केबल विकत घेऊन एकेकीची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या एका सदोष केबलने त्याचा लॅपटॉपच निकामी केला. २०१६ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन विक्रीसंस्थेने मानकाबाहेरच्या टाइप-सी केबलांवर बंदी घातली. एका व्यक्तीच्या चिकाटीने एवढे झाले, हे विसरू नये.

२०१९ मध्येच थंडरबोल्ट ३ या ४० गिगाबिटांच्या जोडणीचा आराखडा तिच्या मालक कंपनीने शुल्काविना संघटनेकडे सोपवला आणि त्यावर आधारलेले ‘यूएसबी४’ हे मानक ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. आकड्याआधीची मोकळी जागाही काढून टाकलेले हे नाव नवी सुरुवात म्हणून मांडले गेले. परंतु ‘यूएसबी४’मध्येही २० आणि ४० असे दोन वेग आहेत, आणि त्यातले २० गिगाबिट हे ३.२ जेन २×२ च्या २० गिगाबिटांहून वेगळ्या जातीचे आहेत. यूएसबी४ पोर्टाने ‘जेन २×२’ला आधार द्यावाच असे बंधन नाही. म्हणून २० गिगाबिटांची जुनी एसएसडी ४० गिगाबिटांच्या नव्या लॅपटॉपला जोडली, तर ती १० गिगाबिटांवर चालू शकते, आणि त्यात ना एसएसडीचा दोष असतो ना लॅपटॉपचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ८० गिगाबिटांचा वेग आला तो ‘यूएसबी४ आवृत्ती २.०’ या नावाने. या आवृत्तीतही कमी वेग सामावलेले असल्यामुळे तिच्याशी सुसंगत असलेले प्रत्येक उपकरण ८० गिगाबिटांचे नसते. २००० सालचा प्रश्न अशा रीतीने जसाच्या तसा परत आला.

शेजारच्या क्षेत्रांत काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. बिनतारी जाळ्याच्या मानकांची नावे एन, एसी, एएक्स अशा अक्षरांची होती. २०१८ मध्ये त्यांना वाय-फाय ४, ५ आणि ६ असे क्रमांक दिले गेले आणि जुने उपकरण जुन्याच क्रमांकावर राहिले. तारेने जोडलेल्या जाळ्याच्या इथरनेट या मानकाने तर १०० मेगाबिट, १ गिगाबिट, १० गिगाबिट असा वेगच नावात ठेवला, आणि म्हणून २०१६ मध्ये २.५ व ५ गिगाबिटांचे मधले टप्पे आले तेव्हाही कोणाचा घोटाळा झाला नाही. पडद्याकडे चित्र आणि आवाज नेणाऱ्या एचडीएमआय या जोडणीने मात्र यूएसबीचीच वाट धरली : २.१ आल्यावर २.० हे नाव रद्द झाले आणि २.१ ची नवी वैशिष्ट्ये ऐच्छिक राहिली, असे २०२१ च्या अखेरीस उघड झाले.

शेवटी २०२२ मध्ये संघटनेने सुपरस्पीड हे नाव खोक्यांवरून काढण्याचे ठरवले आणि ‘यूएसबी ५ जीबीपीएस’, ‘यूएसबी १० जीबीपीएस’ अशी वेगाचीच नावे पुढे केली. केबलवर वेग आणि वॉट दोन्ही छापावेत असेही ठरले. जे २०१३ मध्ये करता आले असते ते नऊ वर्षांनी झाले, पण तेही प्रमाणित मालापुरते. दरम्यान भारतात जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी जोडणीचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी पोर्ट बंधनकारक झाले. युरोपातील हा नियम चार्जिंगपुरता आहे, डेटाच्या वेगाबद्दल तो काही मागत नाही. आणि आजही असे फोन विकले जातात ज्यांचे पोर्ट टाइप-सी आहे, पण त्यातून डेटा जातो तो २००० सालच्याच ४८० मेगाबिटांनी.