कापडाला कात्री लागण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात कापड घेऊन येणाऱ्या बहुतेक जणी आधी मोबाइलवरचा फोटो पुढे करतात. फोटो जरूर दाखवा, त्यावरून गळा, बाही, लेस सगळं कळतं. पण तोच कुर्ता तुमच्या अंगावर कसा दिसेल, ते तुमचे खांदे, तुमची उंची आणि तुमची कंबर किती वर आहे यावर ठरतं. म्हणून पॅटर्न पक्का करण्याआधी बांधा नीट पाहायला हवा.

बांध्यांना सफरचंद, पेअर अशी फळांची नावं देऊन गट पाडण्याची पद्धत आम्ही ठेवलेली नाही. छातीचं माप दोघींचं ३६ असलं तरी एकीचे खांदे रुंद, दुसरीचे उतरते. एकीचं धड आखूड, दुसरीचे पाय. आम्ही मापांमधला फरक बघतो. खांदा जास्त रुंद की सीट, म्हणजे कंबरेखालचा बसायचा भाग? खांद्यापासून कंबरेपर्यंतचा भाग लांब की कंबरेखालचा? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्धं काम झालं.

कपडा जिथे संपतो तिथे नजर थांबते. कुर्ता नेमका सीटच्या सगळ्यात रुंद जागी संपला, तर तीच रुंदी डोळ्यात भरते. तो चार बोटं वर घ्या किंवा मांडीच्या मध्याखाली न्या. बाहीचंही तेच: दंड भरलेला असेल तर बाही दंडाच्या मध्यावर तोडू नका, कोपरापर्यंत आणा. धड आखूड असेल तर कंबरेवर वेगळ्या रंगाचा पट्टा नको. कुर्ता आणि सलवार एकाच रंगाची घेतली की उंची सलग दिसते. धड लांब असेल तर हाच पट्टा थोडा वर घेतलेला छान दिसतो. मान आखूड असेल तर बंद गळ्यापेक्षा व्ही गळा बरा.

आडव्या रेघांना मात्र उगाच घाबरलं जातं. आडव्या रेघांचा चौकोन तेवढ्याच उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच नोंदवलं होतं. २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी कपड्यांवर प्रयोग केले, त्यातही आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो असं आढळलं नाही. तेव्हा आवडलेलं कापड केवळ रेघांपायी परत ठेवू नका.

मुंढा

ज्या गोष्टीबद्दल आमच्याकडे सगळ्यात कमी विचारणा होते, ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो गोल. "काखेत जरा सैल ठेवा" असं हमखास सांगितलं जातं. पण मुंढा खाली उतरवला की हात वर करताच सगळा कपडा वर ओढला जातो. ठाण्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांनी आठवून पाहावं: वरची कडी धरली की ब्लाउज पोटावरून वर सरकतो, उतरल्यावर तो पुन्हा खाली ओढावा लागतो. मुंढा काखेच्या जवळ आणि बाही वरच्या बाजूला पुरेशी रुंद असली की हात उचलूनही ब्लाउज जागचा हलत नाही. ट्रायलला याल तेव्हा नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हात वर करा, खुर्चीत बसा, वाकून चप्पल घाला.

रेडिमेड कुर्ता घेतानाही खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर येते का, ते आधी बघा. कंबर, बाजू, उंची आम्ही सहज कमी करून देऊ. खांदा दुरुस्त करायचा तर बाही उसवावी लागते, आणि तरी तो मनासारखा बसेलच असं नाही.

ब्लाउजमध्ये टक्सचं (छातीला गोलाई देण्यासाठी घातलेल्या निमुळत्या चुणीचं) टोक छातीच्या उंचवट्याच्या अर्धा-पाऊण इंच अलीकडे थांबलं पाहिजे. पुढे गेलं तर तिथे टोक उठतं. छाती भरलेली असेल तर प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी उभी शिलाई) किंवा कटोरी (छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा) सुचवतो. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असल्यामुळे लांब बाहीला कधीकधी जोड द्यावा लागतो. कापड घेतानाच बाही किती लांब हवी ते ठरवा.

सीट छातीपेक्षा बरीच जास्त असेल, तर फक्त छातीच्या मापाने शिवलेल्या कुर्त्याचे साइड कट चालताना फाकतात. अशा वेळी आम्ही बाजूला कळी, म्हणजे खाली रुंद होणारा तिकोनी तुकडा, घालतो. कापड थोडं जास्त लागतं, पण त्यात काटकसर करू नका.

पोट झाकायचं म्हणून मऊ रेयॉन घेतलं जातं. ठाण्याच्या दमट हवेत, घामाने ते नेमकं तिथेच चिकटतं. थोडं अंग असलेलं सुती कापड सरळ उभं राहतं आणि जास्त चांगलं दिसतं. सुती असो वा रेयॉन, शिवायला देण्याआधी एकदा पाण्यातून काढा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

येताना काय आणाल

साडीच्या आत जे घालणार तेच घालून माप द्यायला या. आतले कपडे बदलले की छातीची उंचीही बदलते. नीट बसणारा जुना ब्लाउज असेल तर सोबत आणा. सलवार किंवा पँटसाठी रोजच्या चपला घालून या. माप देताना पोट आत ओढू नका, श्वास रोखू नका.

प्रत्येक ब्लाउजच्या बाजूच्या शिलाईत आम्ही माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवतो. वजन वाढलं, बाळंतपण झालं, तर संकोच न करता ब्लाउज घेऊन या, उसवून सैल करून देऊ. फक्त गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दुरुस्तीचं काम हाती घेता येत नाही, तेव्हा थोडं आधीच या.