भीतीची लाट आधी येते, फ्लूची नंतर

गूगलने 2008 साली अमेरिकेत एक प्रयोग सुरू केला. कुठल्या भागातले किती लोक इंटरनेटवर फ्लूशी संबंधित गोष्टी शोधत आहेत, यावरून साथ कुठे किती पसरली आहे याचा अंदाज बांधायचा. आजारी माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी लक्षणं शोधून बघतो, म्हणजे सरकारी आकडे हाती येण्याआधीच साथीचा माग लागेल, असा त्यामागचा विचार होता. सुरुवातीला ते बऱ्यापैकी जमलंही. पण 2012-13 च्या हिवाळ्यात, साथ ऐन भरात असताना, गूगलचा अंदाज डॉक्टरांकडून गोळा झालेल्या आकड्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. त्या मोसमात फ्लूच्या बातम्या जोरात होत्या. ज्यांना साधी शिंकही आली नव्हती, असेही असंख्य लोक घाबरून शोध घेत होते, हे तज्ज्ञांनी दिलेलं एक मुख्य कारण. आजाराबरोबर आजाराचा धसकाही मोजला गेला होता. 2015 मध्ये हा उपक्रम बंद झाला.

साथीच्या काळात अशा दोन लाटा असतात आणि त्या एकाच वेळी येत नाहीत. नव्या फ्लूच्या पहिल्या बातम्यांबरोबर भीती उसळते. तेव्हा आपल्या आसपास रुग्ण जवळपास नसतातच. पुढे काही आठवड्यांनी साथ खरोखर दारात येते, तोवर लोक बातम्यांना कंटाळलेले असतात, मास्क खिशात गेलेला असतो आणि 'काही होत नाही' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. 2009 च्या स्वाइन फ्लूत हेच घडलं. एप्रिल-मेमध्ये जगभर हाहाकार होता. लस शरद ऋतूत आली, तेव्हा फ्रान्सने 9 कोटी 40 लाख डोसांची मागणी नोंदवलेली असूनही तिथल्या 10 टक्के लोकांनीसुद्धा ती घेतली नाही.

यात लोकांना मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. धोका जोखण्याची माणसाची रीतच तशी आहे. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात दाखवून दिलं, की एखाद्या गोष्टीने किती माणसं मरतात यापेक्षा ती किती अनोळखी आणि किती भयंकर वाटते, यावर आपली भीती ठरते. दरवर्षीच्या नेहमीच्या फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनविकारांनी जगात 2 लाख 90 हजार ते 6 लाख 50 हजार माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण तो फ्लू ओळखीचा आहे, म्हणून त्याची बातमी होत नाही.

पहिल्या आठवड्यांतली भीती वाढवायला एक आकडा हमखास कारणीभूत होतो, तो मृत्युदराचा. मेक्सिकोत 2009 च्या एप्रिलमध्ये हा आकडा छातीत धडकी भरवणारा होता, कारण तपासणी होत होती ती रुग्णालयात पोचलेल्या गंभीर रुग्णांची. समजा 20 गंभीर रुग्ण तपासले आणि त्यांतले 2 दगावले, तर मृत्युदर दिसतो 10 टक्के. पण त्याच काळात 2,000 लोक घरीच ताप काढून बरे झाले असतील, तर खरा दर हजारी एकाच्या आसपास येतो. वरचा आकडा बरोबर, छेद चुकलेला. उलट दिशेलाही चूक होते. 2009 च्या साथीत प्रयोगशाळेत खात्री झालेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या घरात होते. नंतरच्या अभ्यासात पहिल्या वर्षाचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख इतका निघाला, कारण असंख्य मृतांची तपासणी झालीच नव्हती. तेव्हा मृत्युदर वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: तपासणी कुणाकुणाची झाली?

घाबरलेल्या समाजाला काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं आणि सरकारलाही. 2009 च्या एप्रिल अखेरीस इजिप्तने देशातली सगळी, म्हणजे तीन लाखांच्या आसपास, डुकरं मारण्याचा हुकूम काढला. देशात तेव्हा त्या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता आणि तो विषाणू माणसाकडून माणसाकडे पसरत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. कैरोतला ओला कचरा ही डुकरं खात असत. ती गेल्यावर कचरा रस्त्यांवर कुजत पडला आणि कचरा वेचणाऱ्या कुटुंबांचं उत्पन्न बुडालं. 'स्वाइन फ्लू' या नावाने केवढं नुकसान केलं, हे यावरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव वापरणं लगेच थांबवलं, पण लोकांच्या तोंडी ते बसलं ते बसलंच.

रस्त्यांवर जंतुनाशक फवारणं याच जातीचं. फ्लू पसरतो तो मुख्यतः आजारी माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून आणि बोलण्यातून उडणाऱ्या थेंबांतून, बंद खोलीत हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतून आणि काही प्रमाणात हातांवाटे. स्टील किंवा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू 24 ते 48 तास तग धरू शकतो, कापडावर आणि कागदावर त्याहून बराच कमी. त्यामुळे दाराची मूठ, नळ, फोन रोज पुसावा, डांबरी रस्ता धुऊन काही साधत नाही. विषाणूभोवती मेदाचं पातळ वेष्टन असतं आणि साबण ते फोडतो. हात 20 सेकंद चोळायचे, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याभोवती विशेष, कारण घाईत राहून जातात त्या याच जागा. आणखी एक इशारा, कारण घबराटीत ही चूक घडते: ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि फ्लूआधी त्यानेच फुफ्फुसं होरपळतात.

मग लोकांच्या वागण्याने साथीवर खरंच फरक पडतो का? पडतो, आणि त्यासाठी सगळं जग बंद करावं लागतंच असं नाही. फ्लूचा एक रुग्ण सरासरी दीड जणांना लागण करतो असं धरू. एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत साधारण 3 दिवस जातात. महिन्यात अशा 10 फेऱ्या होतात. आज 100 नवे रुग्ण असतील, तर दहाव्या फेरीत सुमारे 5,700 नवे रुग्ण येतील. आता प्रत्येकाने एकमेकांशी येणारा जवळचा संबंध चौथा हिस्सा, किंवा त्याहून जरासा जास्त, कमी केला तर दीडचा आकडा 1.1 वर येतो आणि दहाव्या फेरीत नवे रुग्ण 260 च राहतात. एका रुग्णालयाला 260 आणि 5,700 यांत किती फरक पडतो हे सांगायला नको. म्हणूनच एखाददुसरा माणूस महिनाभर घरात कोंडून बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून चार भेटींतली एक टाळणं जास्त कामाचं. वाढ चक्रवाढीची असल्याने वेळेला फार किंमत आहे.

1918 च्या साथीने ही किंमत दाखवली. फिलाडेल्फियात फ्लू शिरलेला असतानाही 28 सप्टेंबरला युद्धकर्जासाठीची मोठी मिरवणूक निघाली आणि तिला सुमारे दोन लाख लोक जमले. काही दिवसांतच रुग्णालयं ओसंडून वाहू लागली. शाळा, चर्च, नाट्यगृहं बंद झाली ती 3 ऑक्टोबरला. सेंट लुईसमध्ये नागरिकांतले पहिले रुग्ण 5 ऑक्टोबरच्या सुमारास आढळले आणि दोनच दिवसांत शहराने गर्दीच्या जागा बंद करायला घेतल्या. साथ शिगेला असतानाचा मृत्युदर तिथे फिलाडेल्फियाच्या साधारण आठवा हिस्सा राहिला. मात्र नोव्हेंबरमध्ये निर्बंध उठल्यावर सेंट लुईसमध्येही रुग्ण पुन्हा वाढले. निर्बंधांनी विषाणू नाहीसा होत नाही, त्याचा वेग मोडतो.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट मास्कची. 1918 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे मास्क सक्तीचे झाले, नोव्हेंबरात काढले गेले, जानेवारीत साथ उलटल्यावर पुन्हा सक्ती आली आणि तेव्हा मास्कविरोधी मंडळ उभं राहून त्याच्या सभेला दोनेक हजार लोक जमले. तेव्हाचे मास्क गॉजचे होते. जाळी विरळ आणि कडा उघड्या, म्हणून त्यांचा उपयोग बेताचाच. आजचा सर्जिकल मास्क त्याहून कितीतरी चांगला, पण तोही नीट बसला तरच. रंगीत बाजू बाहेर, तारेची कड वर. ती तार दोन्ही तर्जन्यांनी नाकाच्या हाडावर दाबून बसवायची आणि खालची घडी हनुवटीखाली ओढायची. चश्म्यावर वाफ येत असेल तर वरून फट आहे. ओला झाला की बदलायचा, काढताना कानामागच्या नाड्यांना धरायचं. आणि घरात एकच मास्क असेल, तर तो आधी खोकणाऱ्याला द्यायचा.

भीतीचा सगळ्यात मोठा भार पडतो तो दवाखान्यांवर. ज्यांना किरकोळ सर्दी आहे किंवा काहीच नाही, तेही 'एकदा तपासून घेऊ' म्हणून रांगेत येतात. त्या रांगेत चारदोन जण खरे फ्लूचे असतात, बंद जागेत सगळे तास-दोन तास शेजारी बसतात, आणि लागण नसलेला माणूस ती घेऊन घरी जातो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 1 ते 4 दिवस लागतात, बहुधा 2. त्यामुळे आजची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून उद्याची खात्री नसते. एरवी धडधाकट असलेल्या माणसाला ताप, अंगदुखी, कोरडा खोकला असेल, तर घरी वेगळ्या खोलीत विश्रांती, भरपूर पाणी आणि तापाची गोळी एवढं सहसा पुरतं. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे 5 ते 7 दिवस तो इतरांना लागण करू शकतो. तापाची गोळी न घेता 24 तास ताप आला नाही, की मगच बाहेर पडावं.

थांबू नये अशी माणसं वेगळी आहेत: गरोदर स्त्रिया, 65 च्या पुढचे, 5 वर्षांखालची मुलं (त्यातही 2 वर्षांखालची), दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले. यांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना गाठावं, कारण ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांत घेतलं तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. मोठ्यांना 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 5 दिवस, आणि तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. घाबरून साठवून ठेवलेली पाकिटं कपाटात पडून राहतात आणि गरजवंताला दुकानात औषध मिळत नाही. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालतच नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, त्याने यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण घातक आजार होऊ शकतो.

साध्या पॅरासिटामॉलमध्येही एक सापळा आहे. 650 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून 4 वेळा घेतली की 2,600 मिलिग्रॅम झाले. सोबत सर्दीची म्हणून जी संयुक्त गोळी घेतो, तिच्यातही पुष्कळदा 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तीही 4 वेळा घेतली की आणखी 2,000. बेरीज 4,600, आणि धडधाकट प्रौढासाठी 24 तासांची कमाल मर्यादा 4,000 आहे. यकृताला इजा होते आणि पहिला दिवसभर काही जाणवतही नाही. पाकिटामागचे घटक वाचूनच गोळ्यांची जोडी लावावी.

लशीबाबत संशय ही साथीतली नेहमीची प्रतिक्रिया. 1976 मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्स या लष्करी तळावर नवा फ्लू आढळला, एक सैनिक दगावला आणि सरकारने सगळ्या देशाला लस टोचायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या एकाच केंद्रावर लस घेतलेले तीन वृद्ध त्याच दिवशी वारले आणि अनेक राज्यांनी लसीकरण थांबवलं. तपासात लशीचा संबंध आढळला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. समजा एक लाख वृद्धांपैकी वर्षभरात 4,000 जण नैसर्गिकरीत्या वारतात, तर रोज सरासरी 11 जण वारणारच. एका दिवशी त्या लाखभरांना लस दिली, तर दुसऱ्या दिवशी 11 मृत्यू 'लशीनंतर' झाल्याचं दिसेल.

पण त्याच मोहिमेत दुसरा संशय खरा निघाला. चार कोटींहून अधिक लोकांना लस दिल्यानंतर गिलेन-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार लस घेतलेल्यांत जास्त आढळला, लाखात सुमारे एक जादा रुग्ण. डिसेंबरमध्ये मोहीम थांबली. फ्लू तळाबाहेर पसरलाच नव्हता, त्यामुळे एवढा छोटा धोकाही समर्थनीय राहिला नाही. लस घेतलेल्यांत प्रमाण किती आणि न घेतलेल्यांत किती, ही तुलना केल्याखेरीज यातला पहिला संशय आणि दुसरा संशय वेगळा ओळखता येत नाही. आजच्या फ्लू लशींची नोंद अशाच तुलनेने ठेवली जाते. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून शेजारी रुग्ण सापडल्यावर धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

घरातल्या रुग्णाच्या बाबतीतही पहिल्या दिवसांत सगळे घाबरलेले असतात आणि ताप उतरला की लक्ष उडतं. नेमकं तेव्हाच लक्ष हवं. 1918 मधले बहुतेक मृत्यू फ्लूपाठोपाठ जिवाणूंनी केलेल्या न्यूमोनियाने झाले. दोन-तीन दिवस बरं वाटून पुन्हा सणसणीत ताप चढला, खोकल्यातून पिवळा किंवा तांबूस कफ पडू लागला, छातीत कळ येऊ लागली, बोलताना दम लागला किंवा माणूस भ्रमिष्टासारखं बरळू लागला, तर सकाळची वाट बघू नये. लहान मुलात श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का हे अंगरखा वर करून बघावं, आणि 8 तासांत लघवी झाली नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.