पक्षाविना पार्षद उभा करायचा असेल तर: इंदूरच्या नागरिक गटांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

इंदूर नगर निगमाच्या 85 वॉर्डांसाठी मागचे मतदान 6 जुलै 2022 रोजी झाले आणि मतमोजणी 17 जुलैला झाली. सदनाचा कार्यकाळ पाच वर्षांचा असल्याने पुढची निवडणूक 2027 च्या मध्याच्या सुमारास येते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा मराठी वस्ती असलेल्या भागांत आतापासूनच बैठका होऊ लागल्या आहेत आणि त्यांत एकच विचार वारंवार मांडला जातो: कोणत्याही पक्षाकडे तिकीट मागायला न जाता वॉर्डातल्या लोकांनीच चर्चा करून आपल्यातला एक चांगला माणूस पार्षद (नगरसेवक) म्हणून उभा करावा. विचार उत्तम आहे. परंतु अशा गटांचे कागद तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि ज्या माणसावर सगळ्यांचे एकमत झाले, नेमक्या त्याचाच अर्ज छाननीत बाद झालेला मी पाहिला आहे. त्या दिवशी गटातल्या लोकांचे उतरलेले चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम हे समजून घ्यावे की नागरिक गटाने केलेल्या निवडीला कायद्यात कोणतेही स्थान नाही. राज्य निर्वाचन आयोगाच्या लेखी तुमचा उमेदवार हा केवळ निर्दलीय (अपक्ष) असतो, मतदान यंत्रावर गटाचे नाव येत नाही आणि चिन्ह मुक्त चिन्हांच्या यादीतून मिळते. अमेरिकेत शिकागोजवळच्या विनेटकासारख्या गावांत रहिवाशांच्या स्वयंसेवी समित्या ग्रामपरिषद, शाळा मंडळ आणि उद्यान मंडळ यांसाठी इच्छुकांच्या मुलाखती घेऊन नावे सुचवतात आणि ही पद्धत तिथे अनेक पिढ्यांपासून चालत आली आहे. पण तिथेही समितीने सुचवलेल्या माणसाला ठरलेल्या नमुन्यातला अर्ज ठरलेल्या मुदतीत भरावाच लागतो आणि ज्याला समितीने नाकारले तो स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. आपल्याकडे तर वॉर्डाच्या निवडणुकीत पक्षांचे वजन मोठे असते, त्यामुळे समितीच्या नैतिक शब्दावर विसंबून कागदांकडे दुर्लक्ष करणे आपल्याला अजिबात परवडणारे नाही.

गटाच्या अंतर्गत निवडीबद्दल थोडक्यात सांगतो. निवड समितीत बसणाऱ्याने स्वतः उमेदवार होऊ नये, इच्छुकाने सध्या कोणत्याही पक्षात पद नसल्याचे लिहून द्यावे, मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारावेत आणि निवड न झालेल्यांनी विरोधात उभे न राहण्याचा शब्द सर्वांसमक्ष द्यावा. मात्र एक चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो, ती म्हणजे वॉर्डाचे आरक्षण जाहीर होण्याआधीच एक नाव पक्के करणे. मध्यप्रदेशात नगर निगमाच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, आणि आपला वॉर्ड कोणत्या वर्गात जाईल हे सोडतीनंतरच कळते. 2022 मध्ये तर अन्य मागासवर्गाच्या आरक्षणाशिवाय निवडणुका घेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 10 मे रोजी आला, 18 मे रोजी तो बदलून आरक्षणाला परवानगी मिळाली आणि महिनाभरात अर्ज भरून झालेसुद्धा. इतक्या कमी वेळात नवा माणूस शोधून त्याचे कागद जमवणे अशक्य असते. म्हणून गटाने एक नाव न ठरवता चार जणांची यादी ठरवावी, त्यांपैकी किमान दोन महिला असाव्यात आणि चौघांचेही कागद आधीच तपासून ठेवावेत.

आता मतदार यादी. नगर निगमाच्या निवडणुकीची यादी राज्य निर्वाचन आयोग वेगळी तयार करतो, त्यामुळे विधानसभेला मतदान केले किंवा मतदार ओळखपत्र खिशात आहे एवढ्यावरून त्या यादीत नाव आहे असे समजू नये. उमेदवाराचे नाव शहरातल्या कोणत्याही वॉर्डाच्या यादीत असले तरी चालते, पण प्रस्तावक, म्हणजे त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा, मात्र त्याच वॉर्डाचा मतदार असावा लागतो. एका गटाने प्रस्तावक म्हणून ज्या वयोवृद्ध शिक्षकांना मानाने पुढे केले, त्यांचे घर वॉर्डांच्या नव्या हद्दीत रस्त्यापलीकडच्या वॉर्डात गेले होते आणि हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. प्रारूप यादी लागते तेव्हा दावे आणि हरकतींसाठी मुदत असते, त्याच मुदतीत प्रत्यक्ष यादी पाहून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा.

नावाच्या लेखनाची अडचण मराठी माणसाला विशेष येते. हिंदी यादीत ‘काळे’चे ‘काले’ होते, बाप आणि मुलगा यांच्या आडनावांत फरक पडतो, आणि लग्नात नाव बदललेल्या आपल्या स्त्रियांचे शाळेच्या दाखल्यात एक नाव, यादीत दुसरे आणि बँकेत तिसरे असते. आपले नाव चुकीचे लिहिलेले पाहून वाईट वाटते हे मला कळते, परंतु अर्जात नाव यादीत आहे तसेच लिहावे आणि ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकडून शपथपत्र करून सोबत ठेवावे.

सर्वांत जास्त लोक अडतात ते अदेय प्रमाणपत्रावर, ज्याला सगळे नो-ड्यूज म्हणतात. निगमाची थकबाकी नसल्याचे हे प्रमाणपत्र झोन कार्यालयातून मिळते आणि वरवर पाहता काम सोपे वाटते: मालमत्ता कर, जलकर आणि कचरा शुल्क भरा, पावती दाखवा, प्रमाणपत्र घ्या. पण आपल्या जुन्या वाड्यांची स्थिती आठवून पाहावी. घर अजून आजोबांच्या नावावर असते, ते जाऊन तीस वर्षे झालेली असतात, तीन काकांच्या वाटण्या तोंडी झालेल्या असतात आणि नामांतरण कोणीच केलेले नसते. उमेदवार म्हणतो, माझ्या नावावर काहीच नाही, मग माझी थकबाकी कशी असेल? खिडकीवरचा कारकून म्हणतो, ज्या पत्त्यावर राहता त्या खात्यावर बाकी दिसते आहे. हा वाद अर्ज भरण्याच्या आठवड्यात मिटत नाही. भाड्याने राहणाऱ्यालाही हे प्रमाणपत्र लागते आणि त्याच्याकडे तर खाते क्रमांकही नसतो, त्याने भाडेकरार आणि घरमालकाच्या कराची पावती घेऊन जावे. विजेच्या बिलाचेही असेच आहे, जोडणी दिवंगत वडिलांच्या नावाने असेल तरी बिल पूर्ण भरून वीज कंपनीचे नो-ड्यूज काढून ठेवावे. प्रामाणिकपणे कर भरणाऱ्या माणसाला एका कागदासाठी चार खिडक्या फिरवले जाते याचा मला दरवेळी राग येतो. पण छाननीच्या टेबलावर हा राग उपयोगी पडत नाही, हाती कागदच असावा लागतो. हे काम निवडणूक जाहीर होण्याच्या सहा महिने आधी सुरू करावे.

दुसरा कागद, जो बहुतेकांकडे नसतो, तो म्हणजे आरक्षित वॉर्डासाठीचे जातीचे प्रमाणपत्र. ते अनुविभागीय अधिकारी देतात. अनुसूचित जाती आणि जमातींच्या अर्जदाराला 1950 मध्ये, तर अन्य मागासवर्गाच्या अर्जदाराला 1984 मध्ये आपले कुटुंब मध्यप्रदेशात राहत होते हे दाखवावे लागते. होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या घराण्यांनाही तो पुरावा सापडत नाही, कारण जुने कागद कोणी जपून ठेवलेलेच नसतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल खारीज नोंदवहीचा (प्रवेश आणि शाळा सोडल्याच्या नोंदींचा) उतारा, जुनी रजिस्ट्री, नोकरीची सेवापुस्तिका, जुन्या मतदार यादीची प्रत यांपैकी काहीतरी शोधावे. शाळेतून उतारा मिळण्यास बहुधा सर्वांत कमी त्रास होतो.

जळगाव, नाशिक किंवा नागपूरहून लग्न होऊन इंदुरात आलेल्या सुनांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही, म्हणून प्रमाणपत्र माहेरच्या आधारावर मिळते, आणि महाराष्ट्रातल्या प्रमाणपत्रावर मध्यप्रदेशात आरक्षणाचा लाभ घेता येत नाही. ही गोष्ट मी समजावून सांगतो तेव्हा समोरच्या ताईंना ती अन्यायाची वाटते, कारण त्यांचे सासरही त्याच जातीचे असते आणि इथे राहून त्यांना वीस वर्षे झालेली असतात. नियम मात्र असाच आहे. अशा ताईंनी अनारक्षित महिला वॉर्डातून किंवा खुल्या वॉर्डातून उभे राहावे, तिथे या प्रमाणपत्राची गरजच पडत नाही.

उरलेल्या पायऱ्या सरळ आहेत. पार्षदपदासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण हवीत, मतदानाचे 18 वर्षे वय इथे चालत नाही. महापौरपदासाठी 25 वर्षे लागतात. नगर निगमाच्या पार्षदासाठी अनामत 5,000 रुपये असून महिला आणि आरक्षित वर्गांतील उमेदवारांना तिच्या निम्मी भरावी लागते. शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती द्यायची असते. त्यात कोणताही रकाना कोरा सोडू नये किंवा नुसती रेघ मारू नये, सांगण्यासारखे काही नसेल तिथे ‘निरंक’ असे लिहावे. निगमाचा ठेका स्वतःच्या नावावर असलेल्या माणसाला गटाने यादीतच घेऊ नये.

मुदतीबाबत सर्वाधिक गैरसमज शेवटच्या दिवसाचा असतो. 2022 मध्ये अर्ज 11 ते 18 जून या काळात घेतले गेले, छाननी 20 जूनला झाली आणि नाव मागे घेण्याची मुदत 22 जूनला संपली. 18 तारीख म्हणजे 18 तारखेची संध्याकाळ असे समजून लोक नोटरीच्या रांगेत दुपारपर्यंत उभे राहिले, प्रत्यक्षात खिडकी तीन वाजता बंद होते. अर्ज तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीच द्यावा, म्हणजे एखादा कागद कमी असल्याचे सांगितले गेले तर तो आणायला वेळ राहतो. गटाच्या यादीतल्या दुसऱ्या नावाचाही अर्ज स्वतंत्र प्रस्तावकासह भरून ठेवावा, पहिल्याचा अर्ज छाननीत टिकला की दुसऱ्याने मुदतीत नाव मागे घ्यावे. छाननीच्या वेळी उमेदवाराने स्वतः हजर राहावे आणि सोबत नियम वाचलेला माणूस न्यावा, कारण क्षुल्लक चुकीवर आक्षेप आला तर तिथल्या तिथे शांतपणे उत्तर द्यावे लागते.

अर्जापूर्वी निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडावे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नगर निगमात पार्षदाच्या खर्चाची मर्यादा 2022 मध्ये 8 लाख 75 हजार रुपये होती. वर्गणी काढून लढणारा गट तिच्या जवळपासही जात नाही, म्हणूनच तो हिशोबाकडे दुर्लक्ष करतो. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, हरलेल्यालाही द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास पुढच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरण्याची वेळ येऊ शकते. गटाच्या खजिनदाराने चहाच्या आणि पत्रकांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एकाच फाइलीत लावाव्यात आणि हिशोब दिल्याची पोचपावती त्याच फाइलीत ठेवावी.