चासी नंबर कुठला आणि इंजिन नंबर कुठला: गाडी पासिंगला नेण्याआधी

भाच्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, इंजिन नंबर घावला!" फोटोत इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर सात-आठ टपोरी अक्षरं होती. मी एवढंच विचारलं, "अक्षरं वर आलीत का आत गेलीत?" बोट फिरवून बघितलं असणार, कारण उत्तराला जरा वेळ लागला. "वर आलीत."

"मग तो तुझ्या गाडीचा नंबर न्हवं."

माझी निम्मी हयात बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये गेली. फाउंड्रीतनं आलेल्या कास्टिंगवर असे उठावाचे आकडे रोज हाताखालनं जातात. ते पॅटर्नमध्येच, म्हणजे ज्यावरनं साचा घेतात त्या नमुन्यातच असतात, म्हणून त्या पॅटर्नचे हजार नग निघाले तरी हजारांवर तोच आकडा. मोटरसायकलच्या इंजिन केसचंही तसंच, फक्त तिथं वाळूच्या साच्याऐवजी लोखंडी डाय असते. तो झाला पार्टचा नंबर. गाडीचा म्हणून जो नंबर असतो तो नग तयार झाल्यावर, प्रत्येकावर वेगळा, पंचानं ठोकलेला असतो, नाहीतर यंत्रानं ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवलेला. त्यामुळं तो धातूत आत गेलेला असतो. वर आलेला आकडा साच्याचा, आत गेलेला गाडीचा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो.

उरलेला निम्मा घोळ चासी नंबर आणि इंजिन नंबर यांच्यातला. आमच्या सीमाभागात तो जास्तच होतो, कारण इथं गाडी एका राज्यात घ्यायची आणि दुसऱ्या राज्यात चालवायची हे नेहमीचं. शिनोळी ओलांडली की कोल्हापूरचा एमएच ०९, अलीकडं बेळगावचा केए २२. निपाणी-चिकोडीकडं केए २३. गडहिंग्लजला सेकंडहँड गाडी स्वस्त मिळाली म्हणून कुणी आणतो, कुणाला सासऱ्यानं कोल्हापूर पासिंगची दिलेली असते. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, असं १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम सांगतं. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, तिचा अर्ज फॉर्म २८. मग इकडं नवीन नंबरासाठी फॉर्म २७. मालक बदलत असेल तर २९ आणि ३०. टॅक्सचा हिशेब आणखी वेगळा, त्यात आज शिरत नाही. या सगळ्या कागदांवर दोन्ही नंबर असतात, आणि शेवटी गाडी समोर उभी करून ते धातूवरच्या अक्षरांशी ताडून बघतात.

भाच्याची गाडी २०१३ची स्प्लेंडर, गडहिंग्लजहून आणलेली. घर खानापूर भागात, म्हणजे चार महिने पाऊस आणि बारा महिने तांबडी माती. दोन्ही नंबर कुठं असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे बऱ्याच जणांना नसतं. गाडी दहा वर्षं वापरली तरी तिकडं वाकून बघायची वेळच येत नाही.

चासी म्हणजे सांगाडा, फ्रेम. मोटरसायकलवर चासी नंबर बहुतेक वेळा हँडलच्या खालच्या नळीवर असतो, म्हणजे हँडल ज्या जाड उभ्या नळीत फिरतं तिच्यावर, आणि तोही उजव्या अंगाला. स्प्लेंडरवर तिथंच, पल्सरवरही तिथंच. सरळ उभं राहून तो दिसत नाही, कारण केबली आणि वायरिंगचा गुंडा आड येतो. हँडल पूर्ण डावीकडं वळवा, म्हणजे उजवा फोर्क पुढं सरकतो आणि ती जागा मोकळी होते. मग टॉर्च समोरून मारू नका, बाजूनं तिरका मारा. समोरच्या उजेडात खोदलेली अक्षरं सपाट होतात. तिरक्या उजेडात प्रत्येक अक्षराला सावली पडते आणि रंगाखाली दबलेलं अक्षरही उठून दिसतं.

इंजिन नंबर त्याच्या उलट, खाली आणि डावीकडं. स्प्लेंडरला आणि पल्सरला तो डाव्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, गिअरच्या बाजूला असतो. उकिडवं बसल्याशिवाय दिसत नाही. तिथं ऑइल, धूळ आणि चिखल यांचा मिळून जो काळा थर बसतो तो खानापूरकडं सिमेंटसारखा घट्ट होतो. भाच्यानं त्या थराच्या वरचं जे स्वच्छ दिसलं त्याचाच फोटो काढून पाठवला होता. फडक्यावर रॉकेल घेऊन, जुन्या टूथब्रशनं घासल्यावर खरा नंबर निघाला. हाताला जेमतेम जाणवेल इतका बारीक.

स्कूटरचं मात्र असं ठाम सांगता येत नाही. फ्रेम प्लॅस्टिकच्या आत असते, त्यामुळं नंबर कुठं बघायचा ते मॉडेलप्रमाणं बदलतं आणि कधीकधी एखादं झाकण काढावं लागतं. गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल काढा, त्यात चित्रासकट दिलेलं असतं. मॅन्युअल रद्दीत गेलं असेल तर शोरूमच्या मेकॅनिकला विचारायला लाजू नका. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, तर तिथं मोटर नंबर बघतात.

आता वाचण्याचा भाग, आणि खरी गंमत इथंच आहे.

चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. अगदी जुन्या गाड्या सोडल्या तर १६ नाही, १८ नाही. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. म्हणजे चासी नंबरात गोल दिसलं की ते शून्यच आणि उभी रेघ दिसली की तो एकच, डोळे मिटून लिहा. इंजिन नंबरला अशी हमी नाही. त्याची लांबीही कंपनीप्रमाणं बदलते, कुणाचा ११ अक्षरांचा तर कुणाचा १४. तिथं गोल शून्य आहे का ओ आहे हे आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, जुळवूनच ठरवायचं. पाच आणि एस, आठ आणि बी, दोन आणि झेड या जोड्या मात्र दोन्हीकडं दगा देतात, विशेषतः गंज लागून एखादी कड भरली असली की.

चासी नंबराची पहिली तीन अक्षरं कंपनीची. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर सहसा एमनं सुरू होतो: हिरोचा एमबीएल, बजाजचा एमडी२, टीव्हीएसचा एमडी६, रॉयल एनफील्डचा एमई३, होंडाचा एमई४. डावीकडून दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत सालाचं असतं. २०१०ला ए, पुढं एकेक अक्षर: २०१३ला डी, २०१७ला एच, आणि आय गाळून २०१८ला जे. सेकंडहँड घेताना हे फार कामाला येतं. विकणारा म्हणतो '२०१५ची गाडी', दहाव्या जागी डी असेल तर गाडी दोन वर्षं आधीची. डिसेंबरात बनून जानेवारीत विकली गेलेली असेल तर एखाद्या वर्षाचा फरक चालतो, दोनाचा नाही.

इंजिन नंबरात असं साल वाचायच्या भानगडीत मी पडत नाही. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी.

हिरोच्या गाड्यांत आणखी एक फसवी गोष्ट आहे. भाच्याच्या स्प्लेंडरच्या चासी नंबरात एमबीएलनंतर एचए१० येतं, आणि इंजिन नंबर सुरूच एचए१०नं होतो. दोन्ही आरसीवर खाली-वर छापलेले असले की घाईत बघणाऱ्याला ते एकाच नंबराचे लांब-आखूड तुकडे वाटतात. तसं नाही. मॉडेलचा भाग सारखा दिसला तरी शेवटचे आकडे आपापले असतात. म्हणून अक्षरं मोजायची: १७ भरली तर चासी, कमी भरली तर इंजिन. ऑनलाइन कामात परिवहनच्या साइटवर चासी नंबरची शेवटची पाच अक्षरं विचारतात, तिथं इंजिनाची पाच टाकून 'साइट चालत नाही' म्हणणारे मी दोन-तीन तरी बघितलेत. कर्नाटकानं २०२३ साली १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, सक्तीची केली, तेव्हा बुकिंगसाठी हे नंबर शोधत घरोघरी आरसीच्या पाकिटांची शोधाशोध झाली होती.

दोन्ही नंबर सारख्याच मोलाचे का? माझ्या मते नाहीत. गाडीची खरी ओळख म्हणजे चासी नंबर. इंजिन बिघडतं, उतरतं, बदलतं. अपघातात क्रँककेस फुटली तर केसबरोबर नंबरही जातो. अशा वेळी बिल घेऊन आरटीओत त्याची नोंद आरसीवर करून घ्यायची असते, आणि ती केलेली असली की पासिंगला अडचण येत नाही. लोक ती करत नाहीत. गॅरेजवाला भंगारातली केस बसवून देतो, गाडी छान पळते, आणि पाच-सात वर्षांनी एनओसीची वेळ आली की त्या भंगारातल्या इंजिनाचा मूळ मालक कोण इथपर्यंत प्रश्न जातो. चासी नंबर जुळला नाही तर मात्र ती गाडी ती गाडीच राहत नाही. मग विषय आरटीओचा कमी आणि पोलिसांचा जास्त.

म्हणून चासी नंबराच्या जागेला हात लावताना जपा. गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर मारायचा नाही, कानस तर मुळीच नाही, तारेचा ब्रशसुद्धा नको. घासल्याच्या रेघा तपासणाऱ्याच्या डोळ्यात आधी भरतात, आणि ज्याच्या गाडीवर त्या दिसतात त्याच्यावर संशय येतो, त्याची काही चूक नसली तरी. रॉकेल लावून थोडा वेळ ठेवा, फडक्यानं पुसा, पुन्हा लावा. जुनी गाडी नव्यानं रंगवून घेणाऱ्यांनी तर पेंटरला आधीच बजावून ठेवावं. पावडर कोटिंगचा जाड थर आकड्यांत भरला की नंबर बुजतो. रंगवायच्या आधी तेवढ्या जागेवर टेप लावायला सांगायचं, पुढचं सगळं वाचतं.

इंजिनाकडं भीती वेगळी. तिथं अक्षरं बारीक, धातू मऊ, आणि दगड-खडी खालून येऊन आपटते. सर्व्हिसिंगला गाडी धुतली की एकदा फोटो काढून ठेवावा. मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरा. भाच्यानं एकदा वाकायचा कंटाळा म्हणून सेल्फी कॅमेरा खाली धरला आणि स्क्रीनवर उलटी अक्षरं वाचत बसला.

अर्जाबरोबर पेन्सिलची छाप मागतात, तीही दोन प्रकारे निघते. पातळ कागद नंबरावर घट्ट धरून मऊ शिशाची पेन्सिल आडवी फिरवायची, म्हणजे काळ्यात पांढरी अक्षरं उमटतात. चासीच्या नळीला हे जमतं, कारण अक्षरं खोल असतात. नळी गोल असल्यामुळं कागद हलतो, तेव्हा दोन्ही टोकांना सेलोटेप लावा. इंजिनाच्या बारीक ठिपक्यांवर ही रीत फसते. तिथं आधी धातूवरच पेन्सिल घासायची, वरून सेलोटेप दाबून बसवायचा, एका झटक्यात उचलायचा आणि कागदावर चिकटवायचा. ऑइलचा अंश राहिला असेल तर टेप धरत नाही, म्हणून शेवटी कोरडं फडकं मारायचं. प्रत्येकी दोन छापा काढाव्यात, एक अर्जाला, एक आपल्याकडं. आरसी १५ वर्षांनी रिन्यू करायला जाल तेव्हाही गाडी दाखवावी लागतेच, आणि तोपर्यंत गंज काही थांबलेला नसतो.

तपासणीच्या दिवशी मी भाच्याबरोबर गेलो होतो. साहेब आले, कन्नडमध्ये म्हणाले, "चेसिस नंबर तोर्सरी." म्हणजे दाखवा. भाचा धावत इंजिनाकडं वाकला. मी नुसतं खाकरलो. त्यानं उठून हँडल डावीकडं वळवलं, बाजूनं टॉर्च धरला. साहेबांनी एकेक अक्षर पेनच्या टोकानं टिपत एनओसीवरच्या नंबराशी जुळवलं, मग खाली बसून इंजिनाचाही बघितला. कुठंच अडलं नाही.

अडलं ते कागदावर. भाच्यानं छापा व्यवस्थित काढल्या होत्या, चिकटवताना 'इंजिन'च्या चौकटीत चासीची आणि 'चासी'च्या चौकटीत इंजिनाची चिकटवली होती. साहेब काही बोलले नाहीत. पेनचं टोक लांब छापेवर ठेवून मनातल्या मनात सतरापर्यंत मोजलं, दोन्ही छापांच्या मध्ये एक आडवा बाण काढला आणि कागद सहीला पुढं सरकवला.