'बग' पतंगाच्या आधीचा आहे

दर 9 सप्टेंबरला एक छायाचित्र मोबाइलवर फिरतं. वहीच्या पानावर चिकटपट्टीनं लावलेला एक पतंग आणि मजकूर: 'जगातला पहिला कंप्युटर बग, शोधला ग्रेस हॉपर यांनी'. हॉपर म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या अमेरिकी संगणकतज्ज्ञ. पतंग खरा, वहीही खरी. ती अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहे. पण यंत्रातल्या दोषाला 'बग' (इंग्रजीत किडा) म्हणायचं, ते त्या पतंगावरून आलेलं नाही.

पुरावा त्याच पानावर आहे. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क 2 या कंप्युटरची चाचणी चालू असताना दुपारी 3.45 ला नोंद झाली: पॅनल एफ, रिले क्रमांक 70, रिलेत पतंग. खाली लिहिलंय, 'बग सापडल्याचा पहिला खराखुरा प्रसंग'. 'खराखुरा' हा शब्द महत्त्वाचा. यंत्रातल्या बिघाडाला 'बग' म्हणायची बोली आधीपासून रुळली होती, म्हणून तर खऱ्या किड्याचं तिथल्या लोकांना अप्रूप वाटलं. थॉमस एडिसननं 1878 मध्येच एका पत्रात लिहिलं होतं की नव्या यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना 'बग' म्हणतात. हॉपर यांनी हा किस्सा पुढे आवडीनं सांगितला. पतंग मात्र त्यांनी शोधला नव्हता.

आता रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच. इन्व्हर्टर चालू होताना 'टक्' आवाज येतो, तो रिलेचाच. लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्यातून वीज गेली की गाभा चुंबक होतो आणि समोरची लोखंडी पट्टी ओढून घेतो. पट्टीवरचा कॉन्टॅक्ट दुसऱ्या कॉन्टॅक्टला टेकतो, विजेचं मंडल (सर्किट) पूर्ण होतं. वीज थांबली की स्प्रिंग पट्टी मागे खेचते. मिटलेला कॉन्टॅक्ट म्हणजे 1, उघडा म्हणजे 0. मार्क 2 मध्ये असे हजारो रिले होते. दोन कॉन्टॅक्टमधली फट अगदी बारीक. पतंगाचं अंग वीजरोधक, ते मध्ये चेंगरलं की कॉइल ओढते, आवाजही येतो, पण मंडल जुळत नाही. 1 च्या जागी 0 पडतो आणि उत्तर चुकतं. धूळ बसली, कॉन्टॅक्ट जळून काळे पडले तरी हेच होतं. स्प्रिंग ढिली पडली तर उलटं: पट्टी सुटतच नाही, 0 च्या जागी 1 राहतो.

असा दोष शोधायची रीत सरळ आहे. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित यंत्राला घालायचं, ते कुठल्या टप्प्यावर चुकतं ते पाहायचं, मग त्या टप्प्याचे रिले एकेक तपासायचे. यंत्राला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधल्यानं कॉन्टॅक्टमधला कचरा निघत नाही.

पतंग काढला की रिले बरा होतो. प्रोग्रॅममधल्या बगचं तसं नाही. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवले, तर 2000 साल '00' होतं आणि 1999 ते 2000 हे एक वर्ष 00 वजा 99, म्हणजे उणे 99 भरतं. तिथे काढण्यासारखं काहीच अडकलेलं नसतं. यंत्र कितीही स्वच्छ असो, तीच चूक दर वेळी तशीच होते. ती ओळ शोधून नव्यानं लिहावी लागते.