श्रवणयंत्राची निवड

श्रवणदोषाचा प्रकार व तीव्रता, कानाची ठेवण, बोटांची हालचाल आणि रोजचा वावर यांचा एकत्र विचार करून एखाद्या व्यक्तीसाठी सोयीचे श्रवणयंत्र ठरवण्याच्या प्रक्रियेस श्रवणयंत्राची निवड म्हणतात. बोलीभाषेत ‘कानाचे मशीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणात मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रवर्धक तो वाढवतो आणि रिसीव्हर तो कानात सोडतो.

निवडीचा पाया म्हणजे ऑडिओग्राम, अर्थात श्रवणालेख. 250 ते 8,000 हर्ट्‌झपर्यंतच्या निरनिराळ्या वारंवारतांना प्रत्येक कानाला किती डेसिबलचा आवाज जेमतेम ऐकू येतो, हे त्यावर नोंदलेले असते. सरासरी काढून श्रवणदोषाला सौम्य, मध्यम, तीव्र असे नाव देता येते. परंतु यंत्र ठरवताना सरासरीपेक्षा आलेखाचा आकार अधिक बोलका असतो. वार्धक्यजन्य श्रवणदोषात खालच्या पट्टीतले स्वर बहुधा शाबूत राहतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी वरच्या पट्टीतली व्यंजने आधी हरवतात. म्हणूनच ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार वृद्धांकडून वारंवार ऐकू येते. ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक त्यांना संदर्भावरून ओळखावा लागतो. अशा कानाला सरसकट आवाज वाढवणारे यंत्र दिले, तर बोलणे स्पष्ट होण्याऐवजी भांड्यांचा खणखणाट आणि रहदारीचा गोंगाटच असह्य होतो.

यंत्राचा विचार करण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी होणे आवश्यक आहे. कानातला मळ, पडद्याचे छिद्र किंवा मधल्या कानातील हाडांचा दोष यांवर उपचार शक्य असतात, आणि एखाद्या कानाला अचानक ऐकू येईनासे झाले तर विलंब न लावता, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांकडे जावे लागते.

कानामागे बसणारे यंत्र सर्वाधिक उपयोगी ठरते. त्याचा आवाज नळीतून कानाच्या मापाने घडवलेल्या साच्यात, म्हणजे मोल्डमध्ये, जातो. सौम्यापासून अतितीव्र दोषापर्यंत त्याची ताकद पुरते आणि ते दुरुस्तीलाही सोपे पडते. रिसीव्हर कानात व उरलेला भाग कानामागे असलेल्या प्रकारात बारीक तार आणि सच्छिद्र रबरी डोम असतो. डोममुळे कानाची नळी बंद होत नाही, त्यामुळे स्वतःचा आवाज घुमत नाही आणि वर सांगितलेल्या वार्धक्यजन्य दोषाला हा प्रकार चांगला मानवतो. मात्र रिसीव्हर मळाच्या वाटेतच असल्याने त्याची गाळणी वेळोवेळी बदलावी लागते. संपूर्ण कानात लपणारी यंत्रे दिसत नाहीत, हाच त्यांचा मोठा आकर्षणबिंदू; परंतु त्यांची ताकद मर्यादित असते, आणि मायक्रोफोन व रिसीव्हर अगदी जवळ आल्याने शिटी वाजण्याचा संभव वाढतो. कान वाहत असेल तर नळी बंद करणारे कोणतेही यंत्र अयोग्य ठरते. तेथे हाडामार्फत ध्वनी पोहोचवणाऱ्या यंत्राचा विचार होतो. खिशात ठेवायचे वायरचे जुने यंत्र आता मागे पडले असले, तरी मोठी बटणे हाताळणे सोपे जात असल्याने थरथरत्या हातांच्या काही वृद्धांना तेच बरे वाटते.

हाताचा हा मुद्दा दुकानात सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. सर्वांत लहान यंत्रातील 10 क्रमांकाच्या झिंक-एअर बॅटरीचा व्यास 6 मिलिमीटरहूनही कमी असतो. तिच्यावरचा रंगीत कागद काढून, मिनिटभर हवा लागू देऊन, योग्य बाजूने ती इवल्याशा झाकणात बसवणे हे मोतीबिंदू किंवा संधिवात असलेल्या माणसाला दर आठवड्याला जमणार आहे का, हे त्याच्याच हातून करवून पाहावे. जमत नसेल, तर चार्ज होणारे कानामागचे यंत्र श्रेयस्कर. कोकणाच्या दमट हवेत यंत्र रात्री सिलिका जेल असलेल्या डबीत ठेवण्याची सवयही आवश्यक ठरते.

दोन्ही कानांत दोष असल्यास सामान्यतः दोन यंत्रे सुचवली जातात, कारण आवाजाची दिशा आणि गर्दीतले बोलणे दोन्ही कानांच्या मदतीने अधिक कळते. खर्च परवडत नसेल, तर महागड्या एका यंत्राऐवजी साधी दोन यंत्रे घेण्याचा विचार करण्याजोगा आहे. चॅनेलांची (आवाज वेगवेगळा जुळवता येणाऱ्या वारंवारतेच्या पट्ट्यांची) संख्या किंवा ब्लूटूथ यांपेक्षा यंत्र कानात असताना पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो, हे सूक्ष्म नळी घालून मोजणे महत्त्वाचे असते. अशी मोजणी न करता विकलेले भारी यंत्रही पुष्कळदा टेबलाच्या खणात पडून राहते. हे काम भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाचे आहे. मुंबईतील वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणी व यंत्रजोडणी होते, आणि दिव्यांगांना साहाय्यक साधने पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या अडिप योजनेखाली पात्र व्यक्तींना यंत्रासाठी साहाय्य मिळते.

लहान मुलांसाठी मऊ साच्याचे कानामागचे यंत्रच वापरतात. कान वाढतो तसा साचा बदलत जातो, आणि बटणाएवढी बॅटरी गिळली जाऊ नये म्हणून तिचे झाकण कुलूपबंद असावे लागते. दोष अतितीव्र असून चांगल्या यंत्रानेही बोलणे उमगत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवून श्रवणचेतेला थेट विद्युतसंकेत देणाऱ्या उपकरणाची, पात्रता तपासतात. मुलांमध्ये भाषा घडण्याचा काळ निसटू नये म्हणून ही तपासणी लवकर करावी लागते.